घडी

मुटोकोच्या काळ्या ग्रॅनाइटवर
माती बोटभर, तीही उधारीची.
तिथं हे झुडूप उगवतं.
आम्ही त्याला मुफांदिचिमुका म्हणतो :
मेलं तरी उठणारं.
आई त्याचा चहा करायची, खोकला झाला की.
तेव्हा ते नुसतं झुडूप होतं.

आता ते मरताना पाहणं ही माझी नोकरी.
हरारेत, तिसऱ्या मजल्यावर
कुंडीचं पाणी तोडायचं,
रोज सकाळी एक पान खुडून
द्रव नायट्रोजनच्या पांढऱ्या धुरात, खलात वाटायचं,
नळीवर तारीख घालायची.

पान म्हणजे हजारो खोल्या, खोलीगणिक भिंत.
भिंतीला कान असतात, ही म्हण चहाडखोरांसाठी असेल;
इथं ती शब्दशः घ्यावी लागते.
पाणी उतरतं तशी आतली पिशवी आक्रसते,
आक्रसताना भिंतीला ओढते,
आणि ती ओढ भिंतीला ऐकू जाते.

मक्याचं वेगळं.
मुटोकोच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी उभा असतो, यंदा कंबरेएवढाच.
त्याची भिंत ताठ,
मोडेन पण वाकणार नाही या जातीची.
आतली पिशवी सुटते, फाटते,
भिंत मात्र शेवटपर्यंत सरळ. काय उपयोग.

झुडपाला हा ताठा परवडत नाही.
आमचा संशय एका प्रथिनावर, एक्स्पान्सिनवर.
ते भिंतीतला दोर कापत नाही.
दोरानं दोराचा धरलेला हात
तेवढा सैल करतं.
मग भिंत घडी घालते,
पंखा मिटावा तशी, काडीला काडी लावून,
आणि पान होतं तपकिरी,
काडेपेटीतल्या काडीएवढं.

नवव्या दिवशी जेलवर ती निळी रेघ जाड दिसली.
मी ओरडलेच.
"हळू, शुवाई," डॉक्टर मकोंबोरे म्हणाले,
"एकदा दिसली. अजून दोनदा दिसू दे."

शुक्रवारी रात्री वीज गेली.
जनरेटरचं डिझेल कुणी विकलं होतं,
की आलंच नव्हतं, यावर अजून वाद आहे.
रविवारी उणे ऐंशीचा फ्रीजर उघडला
तर आत डबकं.
चौदा महिन्यांच्या नळ्या.
लेबलांवरची शाई सुटून
माझं अक्षर निळं निळं वाहत होतं.

डॉक्टर काही बोलले नाहीत.
स्टुलावर बसले. खांदे आत, हात गुडघ्यांमध्ये,
सहा फुटी माणूस, बघता बघता
कोपऱ्यात मावेल एवढा झाला.

माझ्या खणात एक पाकीट होतं,
आईनं मे महिन्यात दिलेलं, चहासाठी.
त्यातली एक फांदी काढली.
नळाला पाणी नव्हतंच,
बाटलीत होतं ते मगात ओतलं,
फांदी उभी केली.
का, ते विचारू नका. हाताला काहीतरी हवं होतं.

अंधार पडला. मेणबत्ती लावली. कुणीच घरी गेलं नाही.
पहारेकरी बाबा गवुरे दोनदा येऊन डोकावले,
तिसऱ्यांदा खुर्ची घेऊनच आले.

पहाटे खिडकीत फटफटलं तेव्हा
फांदीवर पानं होती.
हिरवी म्हणवत नाहीत, पण हिरव्याच्या वाटेवर,
कडा अजून चुरगळलेल्या,
उशीवरून नुकत्या उठलेल्या गालासारख्या.
एक तेवढं मिटलेलंच.

डॉक्टर वाकले. चष्मा कपाळावर सारला.
"पाणी कधी घातलंस?"
सवयीनं लिहिलं होतं मी मगाखालच्या कागदावर :
सहा वाजून वीस मिनिटं.
ते उठले, गुडघे कडकड वाजले.
"नव्या नळ्या काढ," म्हणाले,
आणि बोटानं, न हलवता,
ते न उघडलेलं पान दाखवलं.
"आधी हे.
याच्या भिंतीला काय ऐकू आलं नाही,
ते बघू."